मिरजेच्या तानपुऱ्यांची जोडी घेऊ, की दोष माझ्याच गळ्यात आहे?

पहाटेचा_रियाज, लातूर

नमस्कार. बऱ्याच महिन्यांपासून इथलं सगळं वाचते, लिहायला मात्र आज पहिल्यांदाच बसले.

आमचं औषधांचं दुकान आहे. यजमान आणि मी दोघं मिळून बघतो. रात्री दहाला शटर ओढायचं, मग जेवण, झाकपाक, झोप. त्यामुळे गाण्यासाठी माझ्या वाट्याला पहाटच येते, साडेपाच ते पावणेसात. लग्नाआधी गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली होती, नंतर तेरा वर्षं गाणं बंद. चार वर्षांपूर्वी पुन्हा शिकायला जायला लागले. बाई पेटीवर शिकवतात. घरी तानपुरा म्हणजे मोबाइलमधलं ॲप. आवाज मोठा यावा म्हणून फोन स्टीलच्या पातेल्यात उभा ठेवते. पट्टी काळी चार, म्हणजे माझा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर.

गेल्या महिन्यात एका स्पर्धेत भूप राग गायले. बरा झाला असं मला वाटलं होतं. परीक्षकांनी नंतर बाजूला बोलावून सांगितलं, "तुमचा स्वर लागतो, पण टेकत नाही. गंधारावर येता आणि आल्या पावली निघता." गंधार म्हणजे ग. जी मुलगी पहिली आली तिने मिरजेची जोडी आणली होती, मागे दोघी मैत्रिणी तानपुऱ्यावर. तिने सा लावला आणि हॉलमधली कुजबुज थांबली. माझ्या वेळी ॲप स्पीकरला जोडलं होतं.

घरी आल्यापासून डोक्यात तेवढंच आहे. डिसेंबरमध्ये आरडी सुटते. यजमान म्हणतात, घेऊन टाक जोडी. बाई म्हणतात, आधी गळा, मग वाद्य. मला खरं उत्तर हवं आहे. त्या मुलीचं गाणं टेकलं ते तानपुऱ्यांमुळे, की तिच्यामुळे? आणि माझं टेकलं नाही ते कशामुळे? कृपया "दोन्ही महत्त्वाचं" असं लिहू नका, तेवढं मलाही कळतं.

देवास_वारी, इंदूर

बाईंचं बरोबर आहे. कुमार गंधर्वांना ऐन उमेदीत क्षयाने गाठलं. 1948 साली ते देवासला आले आणि पुढची काही वर्षं अंथरुणावर गेली. एक फुफ्फुस कायमचं निकामी झालं. गवयाला याहून मोठं साधन कोणतं? तरी ते उठले, 1953 च्या सुमारास पुन्हा मैफलीत बसले, आणि त्यानंतरचं त्यांचं गाणं आपण आजही ऐकतो. साधनावरच सगळं अडलं असतं तर ते गाणं झालंच नसतं. ताई, पैसे राहू द्या, रियाज वाढवा.

मिरज_जंक्शन, मिरज

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. जरा सविस्तर लिहितो, कारण यात तुमचे पैसे आहेत आणि तुमची पहाट आहे.

मी मिरज जंक्शनला पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं होतो. गायक नाही, वादक नाही. तानपुरे, सतारी आमच्याकडे लाकडी खोक्यात पेंढा घालून यायच्या. वजन करायचं, पावती फाडायची, गाडीत चढवायचं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका खोक्याची फळी निखळली. ती ठोकून बसवण्याआधी मी आत बोट घालून एक तार छेडली. रात्रपाळी होती, फलाट रिकामा होता. ती तार किती वेळ बोलत राहिली ते मला आजही आठवतं. दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर सतारमेकर गल्लीत गेलो, एका कारखान्याच्या ओट्यावर बसलो, आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच बसत राहिलो.

ही मूळची शस्त्रं घडवणाऱ्यांची, शिकलगारांची घरं. एकोणिसाव्या शतकात तलवारी-भाल्यांची मागणी आटली आणि त्यांनी हात वाद्यांकडे वळवला. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. तुमच्या लातूरहून मिरजेला येणारी गाडी पंढरपूरवरूनच येते. पूर्वी ती छोटी गाडी होती, बार्शी लाइट.

लोक तानपुरा घ्यायला येतात तेव्हा भोपळ्याचा आकार बघतात, दांडीवरची नक्षी बघतात. पण तानपुरा बोलतो तो जवारीतून. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला अगदी नकळत उतार असतो. तार तिथे टेकते, सुटते, पुन्हा टेकते, म्हणून तो झणकार येतो. कारागीर कानस दोनदा फिरवतो, भुकटी फुंकतो, तार चढवतो, ऐकतो, उतरवतो, पुन्हा कानस. एका घोडीवर अख्खी सकाळ गेलेली मी पाहिली आहे. शेवटी तारेखाली सुती दोरा घालतो. आधी आवाज बोथट असतो, लाकडावर टिचकी मारावी तसा. दोरा केसभर सरकतो, काही फरक नाही. आणखी केसभर, आणि एकदम तार उघडते, बंद खोलीत भुंगा शिरावा तशी. जरा जास्त सरकला की पुन्हा मिटते. ती जागा पट्टी लावून सापडत नाही, ऐकूनच सापडते. तुम्ही विचारता साधन की कलाकार. त्या ओट्यावर बसून मला हे कधीच वेगळं करता आलं नाही. गाणारा यायच्या आधी एका माणसाने आपला कान त्या घोडीत घालून ठेवलेला असतो.

आता तुमच्या गंधाराकडे येतो. बाई पेटीवर शिकवतात असं लिहिलंत, तिथे मी थबकलो. पेटीचा गंधार आणि तानपुऱ्याचा गंधार एक नव्हे. पेटीचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार किंचित चढा पडतो. दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर, त्याच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा. चालता चालता ऐकलं तर कळणारही नाही, पण त्यावर मुक्काम करायचा म्हटलं की तेवढंच टोचतं. 1940 साली रेडिओवर पेटीला बंदी झाली आणि ती तीस वर्षं टिकली, त्यामागे हेही एक कारण होतं. मला ती बंदी पटत नाही, पेटीने किती घरांत गाणं नेलं, पण मुद्दा खोटा नव्हता.

तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची तार, नीट लागला की त्यातून गंधार आपोआप उमटतो, कोणी न छेडता. स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. आणि तुम्ही गायलात भूप, ज्याचा वादीच, म्हणजे मुख्य स्वरच, गंधार! गळा वर्षानुवर्षं पेटीच्या गंधारावर बसलेला. ॲपमध्ये खरा गंधार असतो, नाही असं नाही, पण तुमच्या पट्टीचा खर्ज म्हणजे साधारण 104 हर्ट्झ. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला तो तळ पेलत नाही, आणि पातेलं त्यात स्वतःचा खणखणाट मिसळतं. म्हणजे पाया ऐकू येत नसताना तुम्ही भिंतीला टेकायला बघता आहात. तुमच्या गळ्यात दोष आहे असं मला वाटत नाही. तुमच्या कानाला टेकायला काही मिळालेलं नाही.

मग जोडी घ्या असं म्हणतोय का? नाही. त्या मुलीला तिच्या तानपुऱ्यांनी काय दिलं ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. तानपुरा रोज लावावा लागतो. सकाळी लावला की दुपारी उतरतो, पंखा लावला की उतरतो, चार माणसं खोलीत आली की उतरतो. गल्लीतल्या वस्तादांनी मला पहिला महिनाभर फक्त जोड लावायला दिली. मधल्या दोन तारा, दोन्ही षड्ज. एक ते लावून द्यायचे, दुसरी मी तिच्याशी जुळवायची. तारा जवळ आल्या की आवाजात लाटा येतात, वँव वँव वँव. आणखी जवळ गेलात की लाटा लांबतात, वँऽऽव, वँऽऽऽव. मग खुंटी सोडून द्यायची आणि घोडीमागचा मणी नखाने सरकवायचा. एका क्षणी लाट थांबते. दोन तारा आहेत हेच कळेनासं होतं. मला ते पहिल्यांदा जमायला अकरा दिवस लागले. त्या रात्री ड्यूटीवर इंजिनाची शिट्टी झाली तीसुद्धा वेगळी ऐकू आली.

ॲपचा सूर चुकत नाही, म्हणून तो तुम्हाला शोधावाही लागत नाही. चार वर्षं तयार सुरावर गळा लावलात, लाट थांबेपर्यंत थांबण्याची वेळच आली नाही. परीक्षक ज्याला टेकणं म्हणाले ते हेच असावं.

आमच्या गावात मोठे गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. वाद्यं दुरुस्त करण्यात, जवारी लावण्यात त्यांचा स्वतःचा हात होता. 1937 साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांच्या छातीत दुखायला लागलं. सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले, तानपुरा लावून घेतला, आणि गाता गाताच गेले असं सांगतात. फलाटावर आयुष्य काढलेला माणूस मी, हा प्रसंग माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही. शेवटच्या घटकेलाही आधी तारा जुळवून घेतल्या.

देवासकर, तुमच्या उदाहरणाबद्दल एकच. कुमारजींचे तानपुरे किती बारकाईने लावलेले असत हे ज्यांनी ऐकलं आहे त्यांना विचारा. ते ऐकायला तरी त्यांची रेकॉर्ड लावून पहिला एक मिनिट नुसता तानपुरा ऐका.

ताई, आरडी मोडू नका. एकच तानपुरा बघा, जुना चालेल. दांडी वाकलेली नको, भोपळ्याचा सांधा सुटलेला नको, खुंट्या धरायला हव्यात. बाकी घोडी खराब असली तरी हरकत नाही, जवारी नवी काढता येते. आणि पहिला महिना गाऊ नका. पहाटेची पंधरा मिनिटं फक्त जोड लावा.

डग्गा, सोलापूर

मिरजकर काकांचं लिहिणं वाचून अंगावर काटा आला. पण एका गोष्टीवर मला बोलायचं आहे, कारण मी ती भोगली आहे.

माझे वडील यंत्रमागावर होते. मी तबला शिकलो तो भजनी मंडळाच्या तबल्यावर. शाईला भेगा पडलेल्या, एका बाजूला टवका उडालेला, चामड्याची वादी इतकी जुनी की गट्टे ठोकले तरी पुडीचा, म्हणजे वरच्या कातड्याचा, सूर चढायचा नाही. पावसाळ्यात तर तो ओल्या पुठ्ठ्यासारखा वाजायचा. त्यातून 'ना' निघावा म्हणून मी बोट आपटायचो. 'तीं' निघावा म्हणून मनगट आवळायचो. सहा वर्षं. सगळे म्हणायचे, पोरगं काय मेहनत करतं! सतराव्या वर्षी गुरुजींनी त्यांचा स्वतःचा तबला पुढे ठेवला. मी वाजवलं आणि त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, "तू तबला वाजवत नाहीस, त्याच्याशी भांडतोस." ती आवळलेली मनगटं सोडवायला मला दोन वर्षं लागली, आणि आजही द्रुत लयीत कधीकधी उजवा हात जुन्या वळणावर जातो.

म्हणून "साधन महत्त्वाचं नाही, साधक महत्त्वाचा" हे वाक्य मला सहन होत नाही. ते बहुतेक वेळा ज्यांच्या घरी चांगलं वाद्य आहे तेच बोलतात. वाईट साधन नुसतं अडवत नाही, हातात चुकीचं वळण घालून जातं. महाग वाद्य नको, कबूल. पण खरं बोलणारं वाद्य हवं, आणि ते लवकर हवं. ताई, पातेलं आजच बंद करा. तानपुरा मिळेपर्यंत निदान हेडफोन लावा.

मिरज_जंक्शन, मिरज

डग्गा, बरोबर बोललात. मी स्वस्त आणि वाईट यांत फरक करून लिहायला हवं होतं. जवारी झिजलेला तानपुराही गळ्याला असंच करतो. तार बोलत नाही म्हणून गाणारा जोर लावतो. हेडफोनचं सांगितलंत ते चांगलं केलंत.

हिवाळा, न्यू जर्सी

पहाटेचा_रियाज, माझी गोष्ट उलटी आहे, म्हणून लिहिते.

मी मिरजेचा तानपुरा इथे आणला, विमानातून, खास पेटी करून. तीन हिवाळे टिकला. इथे थंडीत घर गरम करणाऱ्या यंत्राने हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, आणि भोपळाही फुटतो. जानेवारीत एका रात्री काडकन आवाज झाला. भोपळा आणि गळ्याच्या सांध्यापाशी बोटभर चीर. त्या रात्री मी रडले, आणि घरात कोणाला त्याचं कारण समजावून सांगता आलं नाही.

आता माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहे. 1979 साली बंगळुरात पहिला बनला, तेव्हापासून आमच्यासारख्या परदेशात राहणाऱ्यांचं गाणं त्याच्यावर चाललं आहे. त्याला कमी लेखणं मला जमणार नाही. पण काका म्हणतात ती गोष्ट मी त्याच्यावरच करते. माझ्या यंत्राला प्रत्येक तारेसाठी वेगळं बटण आहे. रोज सकाळी मी डोळे मिटून ती बटणं वाटेल तशी फिरवते, सगळं बेसूर करून टाकते, आणि मग कानाने एकेक तार परत जुळवते. आकडा बघायचा नाही. लाटा तिथेही ऐकू येतात. तुमच्या ॲपमध्ये अशी सोय असेल तर आजपासून सुरू करता येईल, तानपुऱ्यासाठी डिसेंबरची वाट बघायला नको.

भेगाळलेला तानपुरा मी भिंतीला टेकवून ठेवला आहे. टाकवत नाही.

पहाटेचा_रियाज, लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहिते आहे, कारण सांगण्यासारखं काही झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पातेलं त्याच दिवशी स्वयंपाकघरात परत गेलं. हेडफोन लावून ऐकलं तेव्हा ॲपमधला खर्ज मला पहिल्यांदाच ऐकू आला. चार वर्षं तो तिथे होता आणि मला माहीतच नव्हता. न्यू जर्सीच्या ताईंनी सांगितलं तसं बेसूर करून जुळवायला लागले.

मग बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्या काही बोलल्या नाहीत, आत गेल्या आणि कपाटामागून कापडात गुंडाळलेला तानपुरा काढून आणला. त्यांच्या आईचा. वीस वर्षं कोणी लावलेला नव्हता. दोन तारा तुटलेल्या, दोऱ्याचं तर नाव नाही. म्हणाल्या, "मला आता मांडीवर धरवत नाही, म्हणून पेटी. तू ने." मी आणि यजमान रविवारी तो मांडीवर घेऊन रेल्वेने मिरजेला गेलो. काका, तुम्ही दिलेल्या खुणेवरून गल्ली लगेच सापडली. कारागिरांनी घोडी काढली, तारांनी पडलेले चर मला बोट फिरवून दाखवले. नवी जवारी, चारही तारा, नवा दोरा, संध्याकाळच्या गाडीने परत. जेवढे पैसे लागले त्यासाठी आरडीला हातही लावावा लागला नाही.

पहिले नऊ दिवस नुसता गोंधळ. लाटा ऐकू यायच्या, पण कोणती तार वर आणि कोणती खाली तेच कळेना. खुंटी जरा जास्त फिरली की पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई एकदा डोकावून म्हणाल्या, "गाणार कधी?" मी म्हटलं, अजून नाही.

काल पहाटे जोड लागली. मणी नखाने सरकवला, लाट लांबली, लांबली, आणि थांबली. मी छेडतच राहिले. किती वेळ ते घड्याळात बघितलं नाही, दूधवाला येऊन गेला तेही कळलं नाही. मग खर्ज लावला, आणि त्यात गंधार ऐकू आला. तो मी कुठे लावला नव्हता. त्यावर मी आवाज सोडला, अगदी हळू, नुसता आकार. निघावंसं वाटलं नाही.

पण पेटीवर ज्या गंधाराची सवय आहे त्याच्यापेक्षा हा खाली आहे, आणि बाईंकडे गेले की गळा पुन्हा वर जातो. दोन्हीकडे कसं सांभाळायचं ते मला अजून कळलेलं नाही. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी तानपुरा घेऊन ये, पेटी बंद ठेवून बघू.

काका, एक अडचण आहे. खर्जाची खुंटी घसरते. लावला की दहा मिनिटांत उतरतो. खडू लावू की राळ?

मिरज_जंक्शन, मिरज

खडू. फळ्यावरचा साधा पांढरा खडू. राळ नको, खुंटी चिकटून बसेल आणि पुढे हलणार नाही. तार सैल करून खुंटी पूर्ण बाहेर काढा, जिथे घासून चकाकी आली आहे तिथे खडू घासा, आणि बसवताना आत दाबत फिरवा. तरी घसरली तर मला कळवा, बाईंच्या आईच्या तानपुऱ्याची खुंटी आहे, फेकू नका. तीच नीट करून देतील.